बऱ्या कॉफीची अट

उमेंद्र कटरेचं पत्र आलं तेव्हा शिवारात धान कापणीला आला होता, आणि इंद्रकुमार रहांगडाले यांनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला घेतलं होतं, एवढं त्यांच्या बाजूनं आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे धान कापून झाला, मळून झाला, राइस मिलमध्ये जाऊन त्याचा तांदूळ झाला, त्या तांदळाचा भात खाऊन लोकांनी होळी पेटवली, तरी उत्तर 'प्रिय उमेंद्र'च्या पुढे सरकलं नव्हतं. या वयात 'प्रिय' जरा जास्तच होतं का, इथून इंद्रकुमारांचा विचार सुरू व्हायचा आणि बहुतेक वेळा तिथंच त्यांना झोप लागायची.

इंद्रकुमार गोरेगावच्या एका हायस्कुलातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना 'लायब्ररीवाले सर' म्हणतं. उभ्या नोकरीत त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. पुस्तक बुडवणाऱ्या पोराला ते अशा आवाजात विचारायचे, की चोरी पोराची नसून त्यांचीच पकडली गेली आहे असं वाटावं. असा माणूस पत्राचं उत्तर देत नाही तेव्हा तो उद्धटपणा नसतो, हे आपल्याला कळतं. ज्याला उत्तर मिळत नाही त्याला ते कसं कळावं?

उमेंद्र हा त्यांचा आमगावच्या शाळेतला मित्र. नोकरीच्या शोधात तो पार चिकमगळूरला गेला, कॉफीच्या एका मळ्याच्या कचेरीत लागला आणि तिकडचाच झाला. आता त्याचे कान पार गेले होते, त्यामुळे फोनचा काही उपयोग नव्हता. पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'बायको गेली. मुलाकडे असतो. मुलगा चांगला आहे, म्हणजे भांडत नाही. एकदा आपला भाग पाहून घ्यावा असं मनात आहे. तुझ्याकडे आठ-पंधरा दिवस राहीन म्हणतो. मला हल्ली फार काही लागत नाही. सकाळची एक बरी कॉफी तेवढी लागते. ती होणार असेल तर कळव, निघतो. पुढच्या वर्षावर टाकण्यासारखी तब्येत नाही, म्हणून आत्ताच विचारतो.' सोबत भाजलेल्या बियांची एक पुडी होती.

दुसऱ्या कुणी हे पत्र वाचलं असतं तर कॉफीचं वाक्य हसून सोडून दिलं असतं. इंद्रकुमारांचं आयुष्य नियमांच्या पाट्यांखाली गेलेलं. 'होणार असेल तर कळव' हे त्यांनी जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. ती अट होती.

"त्याच्यात का हाये येवढं?" त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई म्हणाल्या. "ये म्हनून लिहून टाका. चहा पेईल आपल्याकडचा."

"तो चहा पीत नाही."

"मंग दूध पेईल. मानूस हाये का मशीन हाये?"

इंद्रकुमारांना मात्र पहिली सकाळ डोळ्यांसमोर दिसायची. एवढ्या लांबून, गाड्या बदलत, ऐकू न येणारा म्हातारा माणूस आलेला आहे. अंगणात खुर्ची टाकून बसला आहे. त्यानं एक घोट घेतला आहे आणि तो काहीच बोलत नाही. ते काही न बोलणं इंद्रकुमारांना सहन झालं नसतं. तेव्हा आधी बरी कॉफी करून पाहायची आणि मगच 'ये' लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. ठरवताना हे काम दोन-चार दिवसांचं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी रुख्मिणीबाईंनी त्या बिया तशाच्या तशा दुधात टाकल्या, साखर आणि आलं घातलं आणि पातेलं चुलीवर ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी एक बी चमच्यानं दाबून पाहिली.

"अवो, हे शिजूनच नाई राहिले. कुकरले लावू का?"

इंद्रकुमार 'नको' म्हणणार होते. पण स्वयंपाकघरात आपल्याला काय कळतं, या विचारात असताना शिट्टी झाली. कुकर उघडल्यावर बिया फुगून वालासारख्या झाल्या होत्या आणि दूध फाटलं होतं. रुख्मिणीबाईंनी त्यातून मोठ्या न्यायबुद्धीनं एक कप गाळून नवऱ्यापुढे ठेवला. तो त्यांनी प्यायला, कारण पाहुण्याची वस्तू टाकून देणं बरं दिसलं नसतं.

तेव्हा बिया दळायच्या असतात, इथपर्यंत ज्ञान झालं. घरातल्या मिक्सरनं दोन घरघरीतच जीव सोडला. उरलेली पुडी घेऊन इंद्रकुमार बाजारचौकातल्या मुन्नालालच्या चक्कीवर गेले. मुन्नालालनं बी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "मास्टरजी, हमारी चक्की में पत्थर डालो, वो भी पिस जाएगा."

पिसलं खरं. पण चक्कीच्या पोटात पहिल्याचं काही शिल्लक राहतं आणि ते दुसऱ्याच्या पिशवीत जातं, हा जगाचा नियम इंद्रकुमारांच्या लक्षात आला नाही. त्यांच्या कॉफीत कुणाचं तरी चण्याचं पीठ आलं, ते एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण त्यांच्यामागून जे जे गहू दळायला आले त्यांच्या पोळ्या त्या दिवशी काळपट आणि कडू झाल्या. एका घरी सासूनं सुनेवर पोळ्या जाळल्याचा आरोप ठेवला आणि ते भांडण सुनेच्या माहेरी, देवरीपर्यंत गेलं. दुसऱ्या एका घरचं लेकरू रात्रभर टाळ्या वाजवत बसलं. मुन्नालालला दोन दिवस शिव्या खाव्या लागल्या. नंतर इंद्रकुमार रस्त्यानं जाताना दिसले की तो आतूनच हात जोडायचा. "मास्टरजी, आप विद्वान आदमी हो. बाहर से ही नमस्ते करो."

ही अवहेलना इंद्रकुमारांना फार लागली. त्यांनी आयुष्यात कधी कुणाच्या अन्नात बोट घातलं नव्हतं आणि आता अर्ध्या गावाच्या पोळ्यांत त्यांचा हात होता.

शेजारच्या हेमराजला ही बातमी लागायला वेळ लागला नाही. हेमराज एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाला तरी बोलताना तो अजूनही मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असंच बोलतो.

"सर, कॉफी म्हंजे लग्नातली!" त्यानं कुंपणावरूनच जाहीर केलं. "मशीन राहते, फुस्स करते, वरून चॉकलेटची पुडी मारते. फेस पायजे फेस! फेस नाई तं कॉफी नाई."

"पण हेमराजभाऊ, तो मळ्यातला माणूस आहे. त्याला साधी, हातानं केलेली…"

"मंग हातानं फेसा ना! दोन गिलास घ्या, वरून खाली, खालून वर. मी सांगतो तुमाले."

हेमराजनं करूनही दाखवलं. फेस आला. तो इंद्रकुमारांच्या सदऱ्यावर आला.

इंद्रकुमार मग आपल्या स्वभावाला धरून वाचनाकडे वळले. मोबाइलवर वाचलं, व्हिडिओ पाहिले. त्यातली माणसं तरुण होती, त्यांच्या दंडांवर चित्रं गोंदलेली होती आणि ती कॉफीबद्दल अशा हळू आवाजात बोलत होती, ज्या आवाजात इंद्रकुमारांच्या लायब्ररीत कुणीतरी बोलावं म्हणून त्यांनी जन्मभर वाट पाहिली होती. त्यांनी एक हातचक्की, एक नरसाळ्यासारखी चिनी मातीची चाडी आणि चाडीत घालायचे गाळणीचे कागद मागवले. बियाही नव्यानं मागवल्या. मागवल्याचा आनंद थोडाच टिकला, कारण पार्सल मुंबईच्या गोरेगावला गेलं.

हे आमच्या गावचं जुनं दुखणं आहे. जिल्हा गोंदिया असं कितीही ठळक लिहा, वाटेत कुणीतरी आपल्या ज्ञानानं सुधारणा करतोच. कंपनीच्या बाईंचा फोन आला.

"सर, गोरेगाव ईस्ट की वेस्ट?"

इंद्रकुमार गोंधळले. त्यांनी खिडकीबाहेर पाहून खात्री केली आणि नम्रपणे सांगितलं, "घर पूर्वाभिमुख आहे."

"ओके सर, ईस्ट," बाई म्हणाल्या, आणि पार्सल पुन्हा मुंबईतच फिरायला लागलं. ते परत गेलं, पुन्हा निघालं, नागपूरला थांबलं, गोंदियाला येऊन 'ग्राहक घरी नाही' असा शेरा घेऊन परत फिरलं. ग्राहक घरीच होता. संक्रांतीपासून तो औषध आणायलासुद्धा बाहेर पडला नव्हता. शेवटी एक माणूस फोनवर म्हणाला, "काकाजी, लोकेशन भेजो," आणि इंद्रकुमारांनी त्याला लोकेशन म्हणून आपला सविस्तर पत्ता शुद्ध मराठीत लिहून पाठवला. तो माणूस बहुधा कंटाळून आला.

आता पूर्वीच्या ऋषींना नसतील एवढे नियम सुरू झाले. बिया तोलून घ्यायच्या. हातचक्की फिरवायची. इंद्रकुमारांचा उजवा खांदा आखडलेला होता, म्हणून ती डाव्या हातानं आणि देवाचं नाव घेत फिरवायची. चाडीत कागद बसवायचा, त्यात भुकटी, आणि वरून गरम पाण्याची बारीक धार गोल गोल सोडायची. पाणी उकळतं असू नये, उकळण्याच्या किंचित आतलं असावं. ते किंचित मोजायला त्यांनी घरातला तापमापक पाण्यात धरला. त्यानं आकडा दाखवलाच नाही. पाण्याला एवढा ताप पाहून त्यानं कायमचे डोळे मिटले. बारीक धारेसाठी त्यांनी देवघरातली तांब्याची झारी घेतली, तेव्हा रुख्मिणीबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

चव पाहण्याचं कामही रुख्मिणीबाईंकडेच होतं. पहिली कॉफी कडू निघाली. भुकटी जाड केली तर आंबट निघाली. मधोमध केली तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "आता दोन्ही बरोबर झालं. कडूबी हाये, आंबटबी हाये."

झारी धरलेला हात थरथरायचा, हे खरं कारण होतं. धार कधी तुटायची, कधी भसकन पडायची आणि कागदाच्या कडेनं पाणी नुसतंच खाली निघून जायचं. हात थरथरतो हे इंद्रकुमारांना माहीत होतं. सही करताना ते दिसायचं. पण सही वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्यावर करायची असते. कॉफी रोज सकाळी होती, आणि रोज सकाळी ती थरथर त्यांच्यासमोर कपात उतरायची.

याहून मोठी एक अडचण होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बरी कॉफी कशी लागते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी ती कधी प्यायलीच नव्हती. गावातही कुणी प्यायलेलं नव्हतं. समजा एखाद्या सकाळी ती चुकून जमलीच, तर ती जमली हे ओळखणार कोण? जिल्ह्यात ही परीक्षा घेऊ शकेल असा माणूस नव्हता. जो होता तो चिकमगळूरला उत्तराची वाट पाहत बसला होता. हा विचार मनात आला की इंद्रकुमार घाईनं दुसरा व्हिडिओ लावायचे.

अशाच एका व्हिडिओत त्यांना काचेचं यंत्र दिसलं. खाली गोल चंबू, त्यात पाणी, चंबूखाली स्पिरिटचा दिवा. पाणी तापलं की वाफेच्या जोरानं नळीतून वरच्या काचपात्रात चढतं आणि तिथल्या भुकटीत मिसळतं. दिवा काढला की तीच कॉफी फडक्यातून गाळून पुन्हा खाली येते. यात धार नाही, झारी नाही, हाताचं काही कामच नाही. सगळं वाफ करते आणि वाफेला म्हातारपण नसतं. इंद्रकुमारांना कित्येक महिन्यांनी बरं वाटलं. पण यंत्र मागवलं असतं तर ते मुंबईलाच गेलं असतं. म्हणून ते एसटीनं गोंदियाला गेले आणि शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानातून चंबू, नळी, लोखंडी स्टँड, दिवा असं एकेक जमवून आणलं. रबराचं बूच हेमराजनं कुठूनसं दिलं. त्यानं पूर्वी काय बंद केलेलं होतं, हे विचारण्याची हिंमत झाली नाही.

राहिलं स्पिरिट. ते आणायला इंद्रकुमार गावातल्या औषधाच्या दुकानात गेले.

"कायले पायजे सर?" दुकानदारानं विचारलं.

एवढ्या लोकांपुढे 'कॉफीसाठी' म्हणायची त्यांना लाज वाटली. मुन्नालालच्या चक्कीनंतर हा शब्द गावात त्यांच्या तोंडी शोभत नव्हता. ते 'असंच' म्हणाले. 'असंच' स्पिरिट मागणाऱ्याला दुकानदारानं ते दिलं नाही. मग ते दुसऱ्या दुकानात गेले, तिथून तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी त्यांनी मान खाली घालून, आवाज बारीक करून, इकडेतिकडे पाहत स्पिरिट मागितलं. शेवटी एक बाटली मिळाली. ती त्यांनी पंच्यात गुंडाळून, काखेत दडवून घरी नेली. निरागस माणसानं आणखी संशयास्पद कसं वागावं, हे मला तरी सुचत नाही.

आणि दिवस मोहाचे होते. रानात मोह टपकत होता. रुख्मिणीबाईंच्या भावानं दरेकशाहून पोतंभर मोहफुलं पाठवली होती, लाडू करायला. ती अंगणात वाळत पडली होती. स्पिरिट स्वयंपाकघरात नको म्हणून यंत्र मागच्या पडवीत, न्हाणीशेजारी मांडलं होतं. या हंगामात हातभट्ट्या पेटतात, म्हणून वस्तीतल्या बायकांचं दारूबंदी मंडळ डोळ्यांत तेल घालून फिरत होतं. आता आणखी काय व्हायला हवं होतं?

त्या सकाळी चंबूतलं पाणी नुकतंच वर चढलं होतं. वरच्या काचेत तपकिरी पाणी खदखदत होतं आणि इंद्रकुमार त्याच्याकडे नातवाकडे पाहावं तसं पाहत होते. तेवढ्यात मागचं फाटक वाजलं. मंडळाच्या अध्यक्ष मंदाबाई आत आल्या. त्यांच्यामागे पाच-सहा बायका, आणि बायकांमागे काय चाललंय ते पाहायला हेमराज.

मंदाबाईंनी अंगणातली मोहफुलं पाहिली. दिवा पाहिला. नळी पाहिली. मग इंद्रकुमारांकडे पाहिलं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमीबी?"

बाकी काही त्या बोलल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.  "ही… हे… कॉफी आहे," इंद्रकुमार कसंबसं म्हणाले.

"सगळे असेच म्हनते. कोनी दवाई म्हनते, कोनी सरबत म्हनते. कॉफी पहिल्यांदाच आयकून राहिली."

"अवो मंदाबाई, खरंच कॉफी होय ते," आतून धावत आलेल्या रुख्मिणीबाई म्हणाल्या. "धान कापनीपासून हेच चालू हाये. मी तं थकून गेली."

"धान कापनीपासून!" मागची एक बाई म्हणाली. "आन आमाले पत्ताच नाई."

मंदाबाईंनी पुढे होऊन पुरावा म्हणून दिवा उचलला. चंबू थंडावला, खालच्या वाफेचा जोर गेला आणि वरचं तपकिरी पाणी गटगट आवाज करत, बुडबुडे काढत खाली चंबूत ओढलं गेलं. बायका किंचाळून मागे सरल्या.

"पाहा, पाहा! उतरून राहिली!"

"मले शिकवून राहिले सर, कॉफी म्हनून!" मंदाबाई म्हणाल्या.

आता चव घेतल्याशिवाय निवाडा होणार नव्हता. बायकांनी शपथ घेतलेली, त्या तोंड लावणार नाहीत. सगळ्यांच्या नजरा हळूहळू हेमराजकडे वळल्या.

"माझ्याकडे कायले पाहून राहिले?" हेमराज पहिल्यांदाच बारीक आवाजात बोलला.

"कारन तुले चव मालूम हाये," मंदाबाई म्हणाल्या. "पे."

हेमराजनं चंबूतलं थोडं कपात ओतून एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. आणखी एक घेतला, न्यायाला धरून. मग सगळ्यांसमोर, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "दारू नोहे, बाई. दारू येवढी वाईट नाई राहत."

बायका खो खो हसल्या. एकीनं कप हुंगला आणि नाक मुरडलं, दुसरी काचेला बोट लावून पाहू लागली. सगळ्यांना बरं वाटलं होतं, एक इंद्रकुमार सोडून. ते स्टुलावर बसले. गुन्हेगार नसल्याचा निर्णय लागला होता, पण तो ज्या कॉफीच्या वाईट चवीवरून लागला ती त्यांनी कित्येक महिने मरमरून केली होती.

मंदाबाईंनी दिवा फुंकून खाली ठेवला. त्या हसत नव्हत्या. "येवढं कोनासाठी करून राहिले सर?" त्यांनी विचारलं.

इंद्रकुमारांनी सांगितलं. मान वर न करता, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. उमेंद्र, त्याची गेलेली बायको, त्याचे कान, त्याचं येतो म्हणणं, आणि ती अट.

"पत्र कधीचं?"

"कापणीच्या वेळचं."

"आन तुमी काय लिहिलं?"

"अजून नाही लिहिलं. आधी कॉफी जमू दे म्हटलं."

 मंदाबाईंनी आवाज चढवला नाही. "मंग आता तो मानूस हाये का नाई, तेवढं तरी मालूम हाये का तुमाले?"

 रुख्मिणीबाईंनी मंदाबाईंचा दंड धरला आणि त्यांना चहाला आत नेलं. मागोमाग सगळ्या गेल्या. हेमराज थोडा वेळ उभा राहिला, काहीतरी बोलायला म्हणून "फेस पायजे होता" म्हणाला, आणि तोही गेला.

इंद्रकुमार पडवीत एकटे बसून राहिले. 'होणार असेल तर कळव.' त्यांनी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं होतं, आणि त्याची दुसरी बाजू त्यांच्या कधी लक्षात आली नव्हती. ज्यानं कळवलं नाही, त्यानंही कळवलंच होतं. ते उत्तर शोधत बसले होते, तेव्हा त्यांचं उत्तर केव्हाच चिकमगळूरला पोचलं होतं. उमेंद्रनं ते रोज वाचलं असेल. टपालवाला यायचा, जायचा, आणि तो रोज वाचत असेल की आमगावच्या शाळेतल्या मित्राला आपण घरी नको आहोत. त्यालाही लाजच वाटली असेल. उगाच विचारलं, असं वाटलं असेल. आणि हे सगळं तो जिवंत असेल तर.

ते उठले, खोलीत गेले आणि लिहायला बसले. 'प्रिय' घालायचं की नाही याचा विचार करायला आज सवड नव्हती. उशिराची कारणं लिहायला घेतली तर त्यांत मुन्नालाल आला, मुंबई आली, तापमापक आला, आणि ते सगळं खोटं वाटायला लागलं. तो कागद त्यांनी बाजूला ठेवला. दुसऱ्या कागदावर थरथरत्या अक्षरांत एवढंच उतरलं:

'उमेंद्र, कॉफी जमली नाही. जमेल असं वाटत नाही. तू ये. इंद्रकुमार.'

वाचून पाहिलं तर ते फारच उघडं वाटलं. एखादी ओळ घालावी, निदान हवापाण्याची. पण ओळ सुचेपर्यंत पुन्हा पावसाळा लागेल, हे त्यांना स्वतःबद्दल आता ठाऊक झालं होतं. त्यांनी पाकीट बंद केलं, सदरा बदलला आणि पोस्टात गेले.

हे लवकर पोचावं म्हणून स्पीड पोस्ट करावं, असं त्यांच्या मनात होतं. खिडकीपलीकडच्या तरुणानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"घेणाऱ्याचा मोबाइल नंबर?"

"त्याच्याकडे मोबाइल नाही. त्याला ऐकू येत नाही."

"ऐकायचं नाई काका, टाकायचा हाये."

"पण नाहीच आहे."

"मंग घरच्या कोनाचा?"

"मला माहीत नाही."

तरुणानं मान हलवली, पडद्याकडे पाहिलं, आणखी एकदा मान हलवली. "तसंबी सर्व्हर डाऊन हाये. उद्या या. नाईतर सोमवारी."

एरवी इंद्रकुमार 'बरं' म्हणून वळले असते. सोमवार त्यांना आवडला असता. सोमवारपर्यंत त्यांनी पाकीट फोडून 'तू ये'चं 'तुझी सवड असेल तर ये' केलं असतं. मंगळवारी ते पाकीट पुस्तकात ठेवून दिलं असतं. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसलं, आणि ते पहिल्यांदाच खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "नको. तिकीट द्या साधं."

आवाज थोडा चढला होता. तरुण दचकला. इंद्रकुमारही दचकले.

बाहेर भिंतीवर लाल पेटी होती. तिच्या तोंडावरचं झाकण गंजून आखडलं होतं. इंद्रकुमारांनी डाव्या हातानं ते रेटून धरलं आणि उजव्यानं पाकीट आत घातलं. ते अर्धं आत गेलं आणि अडकलं. अर्धं बाहेर राहिलं. त्यावरचा पत्ता दिसत होता. अजून ओढून घेता आलं असतं. पत्ता बदलला असेल. मुलानं घर सोडलं असेल. हे पत्र उघडायला तिथं कुणी दुसरंच असेल आणि 'तू ये' हे शब्द त्याला वाचावे लागतील. त्यापेक्षा आधी चौकशी करून…

इंद्रकुमारांनी एक बोट पाकिटावर ठेवलं आणि आत ढकललं.

पडल्याचा आवाज आला नाही. त्यांनी पेटीला कान लावून पाहिला. मग, आत आणखी कुणाकुणाची पत्रं असतील आणि त्यांच्यावर ते अलगद टेकलं असेल, असं त्यांनी धरलं आणि ते घराकडे निघाले.